लग्नाच्या कॅसेट, जुना पेंटियम आणि नवं एडिटिंग: फीत उतरवण्याची पूर्ण वाट

मराठवाड्यातल्या पेट्यांत, फडताळांत आणि माळ्यावर दोन प्रकारच्या कॅसेट पडून आहेत. एक खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्यानं भरलेल्या व्हीएचएस, आणि दुसऱ्या २००० च्या आसपास आलेल्या छोट्या मिनी डीव्ही (डीव्ही म्हणजे डिजिटल व्हिडिओ). लग्न, साखरपुडा, बारसं तर त्यांत आहेच. पण सप्ताहातलं काल्याचं कीर्तन आहे, वेळ अमावस्येला शेतात उभारलेली कडब्याची कोप आहे, आणि आता हयात नसलेल्या आजीच्या तोंडची ओवी आहे. किल्लारी-सास्तूर भागातली ३० सप्टेंबर १९९३ च्या आधीची कॅसेट कुणाकडे असेल, तर नवरदेवाच्या मागं दिसणारी माळवदाची गल्ली आज त्या जागेवर नाही.

हे सगळं आजच्या लॅपटॉपवर थेट येत नाही, कारण त्याला फायरवायर हे कॅमेऱ्याची डीव्ही वायर लावायचं तोंडच नाही. ते तोंड कार्डानं सहज बसतं भंगारात निघालेल्या पेंटियम ४ आणि कोअर टू ड्युओ मशीनना. म्हणून जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांनी कपाटात मांडण्यासाठी दहा गोळा करण्यापेक्षा एक चालता ठेवावा, असं आमचं ठाम मत आहे. कामाची वाटणी सोपी आहे: जुन्या मशीननं फीत उतरवून घ्यायची, आणि नंतरचं सगळं नव्या मशीननं करायचं. जुन्यावर एडिटिंग करायला गेलात तर आठवडे जातील. नव्यावर फीत उतरवायला गेलात तर ड्रायव्हरच्या मागं फिरत राहाल.

कोणतं मशीन घ्यावं

बंद पडलेले कॉम्प्युटर क्लास, डीटीपीची दुकानं, फोटो स्टुडिओ, कॉलेज आणि साखर कारखान्यांच्या ऑफिसमधला लिलावात निघालेला माल, या जागी चांगली मशीन सापडतात. फोटो स्टुडिओचं मशीन मिळालं तर ते आधी बघा. त्यात कॅप्चर कार्ड (फितीवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं) बसवलेलं असण्याची शक्यता जास्त असते, आणि कधी कधी कॅनोपसचं एसीई डीव्हीओ कार्डही निघतं, ज्याला डीव्हीबरोबर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचं ॲनालॉग इनपुटसुद्धा आहे. कार्डासोबतची सीडी, वायरींचा झुपका आणि असेल तर डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी छोटी किल्ली) त्याच वेळी मागून घ्या. नंतर ते मिळत नाही.

मदरबोर्डवर पांढऱ्या पीसीआय स्लॉट निदान दोन हव्यात. रॅम १ जीबी पुरते, २ जीबी असली तर उत्तम. विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३. डीव्हीला प्रोसेसरची ताकद लागत नाही, कारण कॅमेऱ्यानं आधीच चित्राचे आकडे करून ठेवलेले असतात. कॉम्प्युटर फक्त ते उचलून डिस्कवर ठेवतो. सेकंदाला जेमतेम ३.६ एमबी. वीस वर्षांपूर्वीची डिस्कही हे आरामात करते.

स्टुडिओच्या डिस्कमध्ये दुसऱ्यांच्या घरातली शूटिंग असते. ती आपली नाही. विकणाऱ्याला विचारा, त्याला हवी असेल तर काढून द्या, नको असेल तर पुसून टाका.

घरी आणल्यावर लगेच बटण दाबू नका

दहा वर्षं गोडाऊनमध्ये पडलेलं मशीन थेट लाईटला जोडणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. आधी झाकण उघडा. आपल्याकडचा फुफाटा आणि जिनिंगच्या गावात उडणारं कापसाचं तंतू मिळून प्रोसेसरच्या हीटसिंकवर नमदा तयार होतो. तो मऊ ब्रश आणि ब्लोअरनं बाहेर, अंगणात काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा; पंखा उलटा जोरात फिरला की बेअरिंग खराब होतं, शिवाय त्यातून बोर्डाकडे वीज जाऊ शकते. बोर्ड किंवा कार्ड बोअरच्या पाण्यानं धुवायचं मनातही आणू नका. पाणी वाळतं, क्षार राहतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तेच क्षार पट्ट्या खातात. चिकट डागाला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

मग प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर बघा. १९९९ ते २००७ च्या दरम्यान बाजारात आलेल्या बऱ्याच बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपॅसिटर होते. डोकं फुगलेलं, वर तपकिरी पपडी आलेली किंवा बुडातून ओघळ आलेला दिसला तर तो बदलायचाच. घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, तापमान १०५ अंशांचं आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) जातीचा घ्या. साधा ८५ अंशांचा टाकला तर परभणी-नांदेडच्या मे महिन्यात, खोलीतच ४० अंश असताना, तो फार दिवस टिकत नाही. जुना काढण्याआधी मोबाईलनं फोटो काढा. बोर्डावरची छापील खूण काही कंपन्यांनी उलटी वापरली आहे, त्यामुळे खुणेवर न जाता जुन्या कॅपॅसिटरचा पट्टा कुठल्या बाजूला होता ते बघूनच नवा बसवा. २५ वॉटची सोल्डरिंग इथं पुरत नाही. बोर्डातला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो. ६० वॉट घ्या आणि भोकात ताजं सोल्डर थोडं सोडून मग उपसा.

पॉवर सप्लाय बोर्डाला जोडण्याआधी एकटा तपासा. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला वायरच्या तुकड्यानं जोडली की तो चालू होतो. लोड म्हणून एखादी निकामी हार्ड डिस्क लावा. मल्टिमीटरवर पिवळी तार ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्टच्या आत हवी. त्याबाहेर असेल तर दुसरा सप्लाय घ्या. सप्लायचा पत्र्याचा डबा उघडून दुरुस्तीला बसू नका. लाईट काढल्यावरही आत तीनशे व्होल्टचा साठा काही काळ राहतो.

पेंटियम ४ चा हीटसिंक काढताना एक ठरलेला अपघात होतो. वाळलेली थर्मल पेस्ट गोंदासारखी धरते आणि हीटसिंकबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. त्यासाठी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, हीटसिंक थोडा डावी-उजवीकडे पिळा आणि मग उचला. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. सीआर २०३२ चं बटण सेल बदला; २.७ व्होल्टच्या खाली गेला की दर वेळी तारीख मागं जाते आणि फाईलींच्या तारखांचा घोळ होतो.

जुनी हार्ड डिस्क बूट करण्याआधी तिची प्रत काढून घ्या. आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टरनं (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची रुंद पट्टीची जोडणी) लिनक्सच्या मशीनला जोडा आणि डीडीरेस्क्यू हे डिस्कची प्रत काढणारं साधन चालवा. त्याला मॅप फाईल द्यायला विसरू नका, म्हणजे मधेच लाईट गेली तरी काम जिथं थांबलं तिथून पुढं जातं. कॅप्चरसाठी वेगळी डिस्क लावा आणि ती एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट करा. फॅट ३२ मध्ये ४ जीबीच्या वर फाईल जात नाही आणि डीव्हीचा एक तास १३ जीबीचा असतो. म्हणजे कॅप्चर अठराव्या-एकोणिसाव्या मिनिटाला तुटणार.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एक्सपीमध्ये डिस्कशी बोलताना वारंवार चुका झाल्या, तर विंडोज डीएमए ही वेगवान पद्धत सोडून गुपचूप पीआयओ या हळू मोडवर उतरतं. मशीन चालू दिसतं, पण कॅप्चरमध्ये फ्रेम गळायला लागतात आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये अल्ट्रा डीएमए लिहिलेलं असलं पाहिजे. पीआयओ दिसलं तर तो चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा चालू करा, आणि ४० तारांची पट्टी असेल तर ८० तारांची लावा. चुकांचं मूळ बहुतेक वेळा तीच पट्टी असते.

आणि हे मशीन इंटरनेटला जोडू नका. एक्सपीला २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत. फाईल हलवायला एनटीएफएस केलेली यूएसबी डिस्क पुरते, यूएसबी २.० वर एका तासाची कॅसेट सात-आठ मिनिटांत जाते.

फायरवायर: इथं चूक झाली तर कॅमेरा जातो

मिनी डीव्ही कॅमेऱ्याला यूएसबीचं तोंड असतं, म्हणून लोक तीच वायर लावतात. बहुतेक मॉडेलमध्ये त्यातून फक्त फोटो किंवा वेबकॅमसारखं बारकं चित्र येतं. फितीवरचं खरं चित्र डीव्ही तोंडातून येतं. सोनीनं त्याला आय-लिंक नाव दिलं, इतर कंपन्या नुसतं डीव्ही लिहितात, तिन्ही एकच. ऑनलाइन मिळणारी एका बाजूला यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला फायरवायर अशी स्वस्त वायर घेऊ नका. दोन्हींची भाषाच वेगळी आहे, नुसत्या वायरीनं ती जुळत नाही.

कार्ड घेताना चिपवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स किंवा व्हीआयए असं नाव बघा. या दोन्हींवर एक्सपी काही न मागता चालतं. कार्डाचं तोंड सहा पिनांचं असतं आणि कॅमेऱ्याचं चार पिनांचं. सहातल्या दोन पिना वीज देतात. तिथंच धोका आहे: सहा पिनांचा प्लग जोरानं उलटा घुसवला, किंवा चालू मशीनमध्ये तिरका लावला, तर ती वीज डेटाच्या तारांवर जाते आणि पोर्ट जळतो. कॅमेऱ्यातला पोर्ट बोर्डावरच असल्यानं तो जळाल्यावर दुरुस्ती परवडत नाही. म्हणून कार्डावर चार पिनांचंही तोंड असेल तर तेच वापरा, दोन्ही टोकांना चार पिनांची वायर. नसेल तर नियम एकच: कॅमेरा बंद, कॉम्प्युटर बंद, मग वायर जोडायची, मग आधी कॉम्प्युटर आणि शेवटी कॅमेरा चालू करायचा. वायर ४.५ मीटरपेक्षा लांब नको.

आपल्याकडे याला अर्थिंगची जोड आहे. गावात बऱ्याच बोर्डांत तिसरी पिन नुसती शोभेची असते. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजा. ३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, वीस-तीस दाखवत असेल तर वायरमन बोलावून अर्थिंग नीट करून घ्या. तोवर कॅमेरा जोडू नका. कॉम्प्युटर, व्हीसीआर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर, आणि तो बोर्ड यूपीएसवर ठेवा. व्हीसीआर मुद्दाम यूपीएसवर ठेवायला सांगतो आहोत, कारण कॅसेट खेचलेल्या अवस्थेत लाईट गेली आणि एकदम जास्त व्होल्टेजनं आली तर फीत ड्रमला गुंडाळलेलीच अडकते. नंतर हिसका देऊन काढताना तिची वळकटी होते.

कॅसेट हातात घेतल्यावर

सगळ्यात आधी रेकॉर्डिंगची वाट बंद करा. व्हीएचएसच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा तोडा, मिनी डीव्हीची छोटी पट्टी सेव्हकडे सरकवा. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर परत येणं नाही.

मग खिडकीतून रिळाच्या कडा टॉर्चनं बघा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये टाकू नका. हेड खराब होईल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागेल. ती वेगळ्या पिशवीत बाजूला ठेवा, तोंडाला मास्क लावूनच हाताळा. एक जुना, टाकाऊ व्हीसीआर फक्त अशा कॅसेट पुढं-मागं फिरवून पुसायला राखून ठेवलेला चांगला.

बुरशीचं कारण अनेकदा पावसाळा नसून कूलर असतो. उन्हाळाभर ज्या खोलीत डेझर्ट कूलर चालतो, त्या खोलीतल्या कपाटात ओल साठते. कॅसेट कूलरच्या झोतात नको आणि पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावरही नको. तिथं दुपारी फितीचा गोंदच मऊ पडतो. थंडीतही एक काळजी आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे परभणीकडे पारा दहाच्या खाली जातो. गार खोलीतला कॅमेरा लगेच उबदार खोलीत आणला तर ड्रमवर दव धरतं, स्क्रीनवर दव असल्याची सूचना येते आणि कॅमेरा चालत नाही. जबरदस्ती करू नका, बंद पिशवीत दोन तास ठेवा.

हेड साफ करायला व्हीएचएसच्या ड्रमवर अल्कोहोलनं ओला केलेला जाड साधा कागद किंवा शॅमॉय चामडं स्थिर धरा आणि ड्रम वरच्या कडेनं बोटानं फिरवा. कागद वर-खाली घासला की हेडचं टोक तुटलंच समजा. कापसाचा बोळा तर नकोच, त्याचा तंतू हेडच्या फटीत अडकतो. मिनी डीव्हीचा ड्रम जेमतेम २१.७ मिलिमीटरचा आणि मिनिटाला ९००० फेऱ्या घेणारा. त्याला हात लावण्यापेक्षा कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा. दहाच. ती हेड घासत असते.

कोणती कॅसेट आधी घ्यायची? ज्यात गेलेली माणसं आहेत ती. हेड कधी जाईल सांगता येत नाही.

मिनी डीव्ही उतरवणं

लग्नाच्या शूटिंगमध्ये आपल्याकडे पॅनासॉनिकचा एमडी १०००० आणि सोनीचा पीडी १५० व पीडी १७० हे कॅमेरे खूप चालले. पीडी मालिकेतले कॅमेरे डीव्हीकॅम पद्धतीनंही भरतात. त्यात फीत वेगानं पळते, म्हणून ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये ४० मिनिटंच मावतात. साध्या घरगुती मिनी डीव्ही कॅमेऱ्यात ती कॅसेट बहुधा चालत नाही. चित्र न दिसल्यास कॅसेट कोरी समजून टाकून देऊ नका. एलपी मोडमध्ये (फीत हळू चालवून जास्त वेळ भरण्याची पद्धत) भरलेल्या कॅसेटचं उलट आहे: ९० मिनिटं मावतात, पण पट्टी इतकी अरुंद असते की ज्या कॅमेऱ्यानं भरली त्याच कॅमेऱ्यात ती नीट चालते. तो कॅमेरा कुणाकडे आहे ते शोधणं हाच पहिला उपाय.

सॉफ्टवेअर विनडीव्ही. लहान आहे, फुकट आहे, आणि फीत उतरवण्यापलीकडे काही करत नाही, म्हणूनच चांगलं आहे. त्याची सेटिंग अशी ठेवा:

- एव्हीआय प्रकार: टाइप २. यात आवाज वेगळ्या धारेत लिहिला जातो. टाइप १ मध्ये तो चित्रातच गुंडाळलेला असतो आणि नवी काही सॉफ्टवेअर तो वाचत नाहीत, मग व्हिडिओ मुका निघतो.
- एका फाईलमधल्या जास्तीत जास्त फ्रेम: एक लाखाच्या वर. ६० मिनिटं म्हणजे सेकंदाला २५ प्रमाणे ९०,००० फ्रेम. लांब कॅसेटला दीड लाख.
- सलगतेची मर्यादा: शून्य, म्हणजे प्रत्येक शॉटची वेगळी फाईल होणार नाही.
- फाईलच्या नावात तारीख-वेळ: चालू. ही तारीख कॅमेऱ्यानं फितीवर लिहिलेली असते. ज्या स्टुडिओनं घड्याळ लावलं नव्हतं तिथं ती चुकीची येईल, तरी ठेवा. शॉटचा क्रम तरी कळतो.

कॅमेरा बॅटरीवर नको, अडॅप्टरवर घ्या आणि व्हीसीआर किंवा प्ले मोडवर ठेवा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं आणि मग पूर्ण मागं न्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत सारखी गुंडाळली जाते. विंडोज कॅमेरा ओळखून आपली खिडकी उघडेल, ती बंद करा. विनडीव्हीत चित्र दिसलं की कॅप्चर दाबा आणि मग कॅमेऱ्याचं प्ले. अँटिव्हायरस, स्क्रीनसेव्हर, ऑटो डिफ्रॅग बंद. गळालेल्या फ्रेमचा आकडा शून्यावर राहिला पाहिजे. पाच-दहा वाढला तर नंतर आवाज पुढं-मागं होतो. थांबवा, कारण शोधा, पुन्हा घ्या.

बिघाड चित्रावरून ओळखता येतो. पाल या आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत एक फ्रेम फितीवरच्या १२ पट्ट्यांत लिहिलेली असते आणि दोन हेड आळीपाळीनं त्या वाचतात. एक हेड तुंबलं की चित्रात एकाआड एक आडवे पट्टे गोठतात. हे दिसलं की क्लीनिंग कॅसेट. ठिकठिकाणी चौकोन फुटत असतील आणि दर वेळी जागा बदलत असेल तर दोष वाचण्यात आहे, कॅसेट दोन-तीनदा उतरवा. दर वेळी त्याच जागी असेल तर फितीवरच घाव आहे. वेगवेगळ्या वेळी उतरवलेल्या फाईलींतून धड भाग निवडून एक फाईल करण्याचं काम डीव्हीरेस्क्यू हे मोफत साधन करतं. ते नव्या मशीनवर चालवा.

आवाज अचानक जाडा किंवा बारीक झाला तर बहुधा एकाच कॅसेटमध्ये दोन पद्धती मिसळल्या आहेत: अर्धी ३२ किलोहर्ट्झ १२ बिट, अर्धी ४८ किलोहर्ट्झ १६ बिट. दुसऱ्याच्या लग्नाला उसना कॅमेरा नेला की हे व्हायचं. जिथं बदल होतो तिथं थांबवून पुढचा भाग वेगळ्या फाईलमध्ये घ्या. एडिटिंगमध्ये ओढून-ताणून जुळवत बसू नका.

व्हीएचएस

इथं फीत ॲनालॉग आहे, म्हणून आकडे करण्याचं काम वाटेत कुणीतरी केलं पाहिजे. सगळ्यात समाधानकारक वाट कॅनोपसच्या एडीव्हीसी ११० सारख्या डब्याची. एका बाजूनं व्हीसीआरची वायर, दुसऱ्या बाजूनं फायरवायर, पुढं तेच विनडीव्ही. अनेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांतही ॲनालॉग आत घेऊन डीव्ही बाहेर देण्याची सोय मेनूत दडलेली असते, आधी तेच तपासा.

यूएसबीची स्वस्त कॅप्चर काडी वापरायचीच असेल तर तिच्यासोबतचं सॉफ्टवेअर टाकून द्या. ते थेट डीव्हीडीच्या दर्जाला दाबतं. व्हर्च्युअलडब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, पाल आणि हफवायूव्ही कोडेक (दर्जा न घालवता दाबणारा) घ्या. तासाला साधारण ३० ते ३५ जीबी लागतील. चित्राच्या उभ्या रेषा वरच्या बाजूला वाकड्या होत असतील तर व्हीसीआर आणि कॅप्चरच्या मध्ये पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस १० किंवा ईएस १५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता पार जाण्यासाठी जोडा. रेकॉर्ड करायचं नाही; त्याच्या पोटातून जाताना प्रत्येक ओळ सरळ होते. भंगारात हे डबडं दिसलं तर सोडू नका.

प्रत्येक कॅसेटला ट्रॅकिंग नव्यानं लावा. खाली चित्राच्या बुडाशी सहा-आठ ओळींची थरथर दिसते, ती हेड बदलताना होणारी आहे, बिघाड नाही. टीव्हीच्या चौकटीत ती झाकली जायची. कॅप्चरमध्ये तशीच राहू द्या, एडिटिंगमध्ये झाका.

नव्या मशीनवर

उतरवलेली मूळ फाईल तशीच ठेवायची. नाव देताना वर्ष, गाव, प्रसंग आणि कॅसेट क्रमांक लिहा. पुढचं सगळं तिच्या प्रतीवर.

जुन्या चित्राची सगळ्यात जास्त नासाडी डीइंटरलेसिंगमध्ये, म्हणजे अर्ध्या फ्रेमच्या पूर्ण फ्रेम करताना होते. पालची २५ फ्रेम म्हणजे खरं तर ५० अर्ध्या फ्रेम, प्रत्येक वेगळ्या क्षणाची. बहुतेक लोक त्यातल्या दोन-दोन एकत्र करून २५ करतात आणि निम्मी हालचाल फेकून देतात. वरातीतला नाच झटके देत दिसतो. ५० ठेवा. हायब्रिड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्यूटीजीएमसी फिल्टर आहे, मीडियम किंवा स्लो प्रीसेट घ्या. हळू चालतं, पण याच्या तोडीचं फुकटात दुसरं नाही. घाई असेल तर शॉटकटच्या एक्सपोर्टमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ निवडा आणि प्रोजेक्ट आधीच ५० फ्रेमचं ठेवा.

फील्डचा, म्हणजे त्या अर्ध्या फ्रेमचा, क्रम सांगताना चूक करू नका. फायरवायरनं आलेल्या डीव्हीत खालची फील्ड आधी असते. यूएसबी काडीनं घेतलेल्यात बहुधा वरची. उलटं दिलं तर चालणारा माणूस दोन पावलं पुढं, एक मागं असा थरथरतो. शंका असेल तर दहा सेकंदांचा तुकडा दोन्ही पद्धतींनी काढून बघा.

दुसरी गोष्ट चौकोनाची. ७२० बाय ५७६ मधले पिक्सेल चौरस नाहीत. जसंच्या तसं काढलं तर माणसं बारीक दिसतात. ७६८ बाय ५७६ करा. आणि ४:३ चं चित्र ताणून १६:९ करू नका. नवरी आडवी पसरते. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या.

डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एडिटिंगला उत्तम आहे, पण १६ जीबी रॅम आणि ४ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड हवं. एवढं नसेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. रिझॉल्व्हमध्ये डीव्हीची एव्हीआय थेट टाकण्यापेक्षा डीइंटरलेस केलेली फाईल प्रोरेस ४२२ या एडिटिंगच्या प्रकारात काढून ती टाका. ७६८ बाय ५७६ आणि ५० फ्रेमला तासाला साधारण ४० जीबी होते. पहिला क्लिप टाइमलाइनवर टाकायच्या आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ५० फ्रेम लावा. नंतर तो आकडा बदलता येत नाही. लिनक्सवर मोफत आवृत्ती एच २६४ (व्हिडिओ फाईलींचा नेहमीचा प्रकार) वाचत नाही, हेही ध्यानात ठेवा.

रंगाचं काम हळूहळू करा. मांडवात सनगनचा (शूटिंगच्या प्रखर दिव्याचा) पिवळा उजेड असायचा, त्यामुळे सगळंच हळदीचं दिसतं. मुंडावळ्या किंवा टोपीचा पांढरा धरून व्हाइट बॅलन्स लावा, पण सगळा पिवळेपणा काढू नका, चेहरे राखी पडतात. पांढरं धोतर जळून गेलं असेल तर ते परत येत नाही. व्हीएचएसचा आवाज अनेकदा एकाच कानात येतो, तसं असेल तर तो दोन्ही बाजूंना द्या. लाईटची घुमघुम ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर असते, रिझॉल्व्हच्या फेअरलाइट या आवाजाच्या भागातल्या डीहमरला ५० सांगा. कीर्तनाच्या कॅसेटवर नॉइज रिडक्शन जपून वापरा, टाळांची किणकिण आणि फितीचा खरखराट एकाच पट्ट्यात असतात.

एआयनं चित्र मोठं करून देणारी साधनं चेहरे नव्यानं रंगवतात. आजोबांच्या सुरकुत्या जातात आणि कुणा अनोळखी माणसाचे डोळे येतात. घरच्यांना दाखवायला एखादी प्रत तशी केली तर करा, पण मूळ म्हणून ती ठेवू नका.

युट्यूबवर टाकायचं असेल तर १४४० बाय १०८० पर्यंत मोठं करून टाका. ७२० च्या खाली युट्यूब ५० फ्रेम दाखवत नाही, सगळी मेहनत वाया जाते. नातेवाइकांसाठी एच २६४, क्वालिटी (सीआरएफ) १८ आणि आवाज १९२ केबीपीएस. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं तर ते पुन्हा दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. पेन ड्राइव्हवर देताना तो फॅट ३२ असेल तर ४ जीबीच्या आत तुकडे करा, गावाकडच्या बऱ्याच टीव्हींना तेवढंच कळतं.

४० तासांच्या कॅसेट म्हणजे मूळ फाईली ५२० जीबी. १ टीबीच्या दोन डिस्क घ्या, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा, आणि कॉपी केल्यावर दोन्ही फाईलींचा एमडी५ (फाईलचा ठसा) जुळवून बघा. कॅसेट टाकून देऊ नका. पूर्ण मागं गुंडाळून, उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. आणि जुनं मशीन, व्हीसीआर, कॅमेरा महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा. न वापरता ठेवले की कॅपॅसिटर सुकतात, व्हीसीआरचा रबरी पट्टा एका जागी वाकतो, कॅमेऱ्याचं झाकण अडकतं. पुढच्या महिन्यात कुणीतरी विसरलेली कॅसेट घेऊन दारात येतं, तेव्हा मशीन पहिल्या बटणाला चालू झालं पाहिजे.